दुखवट्यातली लेझीम

वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या आणि त्यांचे पाय जागचे हलत नव्हते.

वाटेत काही आडवं आलेलं नव्हतं. पलीकडे गॅसवर दूध वर येत होतं, ते त्यांना दिसत होतं. दोन पावलं पुढे जाऊन गॅस बंद करायचा, हेही कळत होतं. पण फरशीनं जणू तळवे धरून ठेवले होते. बघता बघता दूध उतू गेलं. करपल्याचा वास बाहेरच्या खोलीत पोचला तेव्हा शेखर मोबाइल टाकून धावला.

"आई, अगं, हाक तरी मारायचीस!"

"मारली की. दोनदा मारली."

ते खरंच असणार. वत्सलाबाईंचा आवाज अलीकडे इतका बारीक झाला होता की भिंतीपलीकडे पोचतच नसे. शेखरनं गॅस बंद केला आणि आईचा हात धरून तिला पुढे ओढलं. कमरेवरचं शरीर पुढे आलं, पाय मागेच राहिले. त्याची बायको योगिनी मागून धावली आणि तिनं सासूबाईंना कमरेला धरून सावरलं, नाहीतर त्या दुधाच्या ओघळातच पडल्या असत्या.

"अहो, ओढू नका म्हणून किती वेळा सांगायचं? आबा कधी ओढायचे का?"

आबांचं नाव निघालं आणि घर पुन्हा गप्प झालं.

आबा म्हणजे शेखरचे वडील, झुंबरराव. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. श्रावणात, सकाळचा चहा घेता घेता, त्यांचं हृदय थांबलं. तेव्हापासून जेल रोडच्या त्या घरात गाणं वाजलेलं नव्हतं. रेडिओ नाही, टीव्हीवरचा गाण्याचा कार्यक्रम नाही, कुणाचं गुणगुणणंसुद्धा नाही. घरात दुखवटा होता.

वत्सलाबाईंना पार्किन्सन्स होता. सुरुवातीला नुसता उजवा हात थरथरायचा. शेजारच्या छायावहिनींकडे हळदीकुंकवाला गेल्या तेव्हा मसाल्याच्या दुधाचा पेला हातात खुळखुळला आणि दूध कुणाच्या तरी नव्या साडीवर सांडलं. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून वत्सलाबाईंनी चारचौघांत जाणं सोडलं. लग्नाकार्याला झुंबरराव एकटे जायचे आणि "तिची तब्येत जरा..." असं म्हणून विषय बदलायचे. आपल्याकडे बीपी, शुगर लोक कौतुकानं सांगतात. हात थरथरला की मात्र माणूस पदराआड लपवतात!

पण लपवून आजार कुठे थांबतो? हळूहळू पाय जड झाले, पावलं आखूड झाली. दार, उंबरा, अरुंद बोळ आला की पाय जागीच थिजायचे. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी औषधांबरोबर आणखी एक गोष्ट लिहून दिली: गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये दर गुरुवारी भरणारा, पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठीचा गाण्याचा आणि नाचाचा वर्ग.

"नाचू? मी?" वत्सलाबाई घाबरून म्हणाल्या होत्या. "या वयात?"

"तुला कोण वरातीत नाच म्हणतंय?" झुंबरराव म्हणाले. "बसून बघ नुसती. नाही आवडलं तर येताना कोंडाजीचा चिवडा घेऊ आणि घरी येऊ."

तो वर्ग मोहिनी नावाची मुलगी घेत असे. शिक्षणानं फिजिओथेरपिस्ट, आवडीनं नर्तकी. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांच्या हातात लेझीम दिली. समोरच्या रांगेतले एक निवृत्त हेडमास्तर लगेच म्हणाले, "ताई, आम्हाला लेझीम वाजवायला शिकवू नका. धरली की आपोआप वाजते. थांबवायची कशी तेवढं शिकवा!" सगळा हॉल हसला. वत्सलाबाईसुद्धा हसल्या. थरथरणाऱ्या हातावर हसता येतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मोहिनीनं झुंबररावांना साध्या शब्दांत समजावलं होतं. "चालताना आपण प्रत्येक पावलाचा विचार करत नाही ना? ते आपोआप होतं. मेंदूतली ही आपोआप चालणारी वाट या आजारात मंद होते. पण बाहेरून ठेका मिळाला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाऊल उचलतो. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या की तुम्ही आतल्या गल्लीतून काढता तसंच. यानं आजार बरा होत नाही, काका. औषध चालूच ठेवायचं. पण रोज ठेका मिळाला तर चालणं टिकतं, तोल टिकतो, आवाजही टिकतो."

झुंबररावांनी ते मनावर घेतलं. दर गुरुवारी बायकोला घेऊन जायचे, समोर लेझीम घेऊन उभे राहायचे. घरी उंबऱ्याशी तिचे पाय थिजले की ओढायचे नाहीत. चमच्यानं पेल्यावर ठेका धरायचे आणि स्वतःच रचलेली दोन ओळींची कविता म्हणायचे:

"उंबरा म्हणतो थांब गं बाई,
वत्सला म्हणते वेळच नाही!"

दुसऱ्या ओळीला वत्सलाबाईंचा पाय उंबरा ओलांडून गेलेला असायचा. "काय हे, सुनेसमोर!" असं त्या म्हणायच्या, पण पलीकडच्या खोलीत जाऊन.

आणि मग श्रावण आला.

दशक्रियेला सिन्नर तालुक्यातल्या त्यांच्या गावी, नदीकाठी, सगळी भावकी जमली होती. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. शेवटी माइक शेखरच्या हातात आला. काय बोलावं ते त्याला सुचेना. वडिलांवर त्याचं फार प्रेम होतं आणि ते एवढ्या लोकांसमोर कसं सांगायचं हे ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आबांसाठी आम्ही वर्षभर कडक दुखवटा पाळणार. आमच्या घरात वर्षभर वाद्य वाजणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. "पोरगा असावा तर असा," कुणीतरी म्हणालं. पुढच्याच रांगेत झुंबररावांची थोरली बहीण बायडाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. भावकीत तिचा शब्द मोठा. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं, असं शेखरनं धरलं.

घरी आल्यावर वत्सलाबाईंनी आपली लेझीम जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली.

मोहिनीचा फोन आला की त्या सांगायच्या, "पुढच्या श्रावणानंतर येईन गं." मोहिनी एकदा कळवळून म्हणाली, "काकू, इतका वेळ आपल्या हातात नाही हो!" त्यावर वत्सलाबाईंनी फोन योगिनीकडे दिला.

दिवाळीच्या सुमारास योगिनीनं एका सकाळी धीर करून मोबाइलवर एक साधी चाल लावली आणि सासूबाईंचे दोन्ही हात धरून त्यांना पॅसेजमधून चालवलं. पावलं लांब पडू लागली होती. तेवढ्यात दारात छायावहिनी आल्या. "योगिनी, वर्ष झालं का गं तुमच्याकडे? नाही, गाणं ऐकू आलं, म्हणून आपलं विचारलं." योगिनीनं गाणं बंद केलं. संध्याकाळी ते शेखरच्या कानावर गेलं. तो रागावला नाही, नुसता एवढंच म्हणाला, "मी माइकवर बोललोय, योगिनी. उद्या आत्याच्या कानावर गेलं तर?"

त्यानंतर त्यानं स्वतःच आईचा व्यायाम घ्यायला सुरुवात केली. वाद्य नको, मोजणी तर चालेल! "एक... दोन... आई, पाय उचल... तीन..." वत्सलाबाई दमून म्हणायच्या, "अरे, गोदामातल्या नळ्या मोजल्यासारखा काय मोजतोस?" शेखरची ठिबक सिंचनाच्या नळ्यांची एजन्सी होती, त्याला मोजायची तीच एक रीत ठाऊक होती.

डिसेंबरमध्ये न्हाणीघराच्या दाराशी वत्सलाबाई पडल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, त्यांना चालायला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"अगदी वेळेवर," शेखर म्हणाला. "गजर लावून देतो."

"मग चालणं इतकं का उतरलं? मधे काय बंद झालं?"

"बंद... काही नाही. म्हणजे, तो वर्ग तेवढा. घरात दुखवटा आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आज कोपर खरचटलंय. उद्या खुब्याचं हाड मोडलं तर त्या पुन्हा उभ्या राहतील याची खात्री मी देऊ शकणार नाही. तुमच्या रीतीभाती मी कोण सांगणार? पण आजाराला दुखवटा कळत नाही, एवढं लक्षात ठेवा."

शेखर घरी आला तो मान खाली घालून. एकीकडे आईचं हाड, दुसरीकडे वडिलांसाठी दिलेला शब्द! त्याला वाटलं, कसेबसे सात-आठ महिने काढू. आईला जपू. चालूच देऊ नये फार. प्रेमापोटी माणूस किती चुकीचं गणित मांडतो!

पहिल्या संक्रांतीला भावजय एकटी नको म्हणून बायडाबाईंनी निरोप पाठवला, "मला घ्यायला ये." शेखर सिन्नरकडे गाडी घेऊन गेला. त्यानं मनाशी ठरवलं होतं, आत्याला सगळं नीट सांगायचं, दुखवटा कसा तंतोतंत पाळलाय तेही सांगायचं. म्हातारीनं गाठोडं मागच्या सीटवर टाकलं, पुढे ऐसपैस बसली. शेखरनं चावी फिरवली.

आणि गाडीतला स्पीकर आपल्या सवयीनं जागा झाला! वरातीत वाजतं तसलं दणदणीत गाणं, बँजो, ढोल, मधेच शिट्ट्या. शेखरनं घाईघाईत दोन-तीन बटणं दाबली. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. अखेर त्यानं मोबाइलच बंद केला.

समोरच्या ओट्यावर बसलेला एक म्हातारा अजून मान हलवत होता.

"ते... आपोआप लागतं, आत्या. मोबाइलला जोडलेलं असतं."

"आपोआप लागतंय म्हंजे रोज लागत आसंल."

"धंद्याचं फिरणं असतं. मालेगाव, पेठ, कुठं कुठं. एकट्याला झोप येते गाडीत, म्हणून..."

"मी कुठं काय म्हनले?" बायडाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "गाडीत बसताना दुखवटा घरी ठिवून येतोस का, एवढंच इचारत होते."

शेखरचे कान तापले. पुढची सगळी वाट तो मनात उजळणी करत राहिला. मार्गशीर्षात पेठच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला तो गेला होता. बँड होता, जिलेबी होती. त्यानं दोन्हीचा मान राखला होता. "धंद्यात जावंच लागतं" असं तिथं सगळेच म्हणाले. त्याच्या गाडीत गाणं, त्याच्या गोदामात गाणं, हमालांच्या मोबाइलवर गाणं. मग वर्षभराचा दुखवटा नेमका होता कुठे? घरात. आणि घरातही तो पाळत कोण होतं? जिला त्या घराबाहेर पडता येत नव्हतं, ती एकटी! बोलला तो, आणि पाळत होती ती.

नाशिक रोडला पोचले तेव्हा वत्सलाबाई नणंदेच्या स्वागताला दारात आल्या होत्या. म्हणजे यायला निघाल्या होत्या. उंबऱ्याच्या आत त्यांचे पाय थिजले. बाहेर बायडाबाई हात पसरून उभी आणि आत या. मध्ये एवढासा लाकडी उंबरा.

"ये की गं वत्सला. रुसली का काय माझ्यावर?"

"येते, आक्का. येतेय..."

ओठ हलले, पाय हलेनात. पदराखाली हात थरथरत होता. शेखरला ते बघवेना. त्यानं गडबडीनं पुढे होऊन आईचा दंड धरला आणि पुन्हा तीच चूक केली. वत्सलाबाई पुढे कोलमडल्या ते थेट बायडाबाईंच्या अंगावर. म्हातारी भक्कम म्हणून दोघी तगल्या.

आत आल्यावर पाणी प्यायलं, श्वास खाली बसला. बायडाबाईंनी योगिनीला विचारलं, "झुंबर हिला कुठं तरी न्यायचा ना गं? लेझमीला? मला फोनवर लय सांगायचा. 'आक्का, तुझी भावजय आता ठेक्यात चालती.' त्याचं काय झालं?"

योगिनीनं नवऱ्याकडे बघितलं.

"बंद केलंय, आत्या," शेखर म्हणाला. "दुखवटा आहे ना."

"आरं पण तिचं ते औषिद हाय ना? डाक्तरनी दिल्यालं?"

"आहे. पण वाद्य वाजतं तिथे. नाच असतो. आणि मी दशक्रियेला सगळ्यांसमोर बोललो होतो. तुम्हीही होतात समोर. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून..."

"मी रडत होते रं, बाबा!" बायडाबाईंनी कपाळावर हात मारला. "पाठचा भाऊ गेल्ता माझा. तू काय बोलला ते निम्मं आइकलंबी नाय. मला वाटलं, टीव्हीचं बोलतोय पोरगा!"

योगिनीला हसू आवरेना. तिनं पदरात तोंड लपवलं. शेखरचा मात्र चेहरा उतरला. ज्या माणसाच्या धाकानं पाच महिने घर मुकं राहिलं होतं, त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता!

"पण आत्या, लोक काय म्हणतील? नवरा जाऊन वर्ष नाही झालं, आणि..."

"झुंबरला नेलं त्या रातीला भजन झालं का नाय?" बायडाबाईंनी मध्येच विचारलं.

"झालं."

"टाळ होते?"

"होते."

"पखवाज?"

"होता, आत्या. पण ते देवाचं."

"देवाला काय झोप येत नव्हती व्हय? ते आपल्यासाठी होतं, येड्या. मागं ऱ्हायलेल्यांसाठी. ती रात सरावी म्हनून." तिनं मांडी बदलली आणि आवाज खाली आणला. "आइक. दुखवटा कशापायी ठिवला मानसांनी? ज्याचं मानूस गेलं, त्याला कुनी उगा हसाया लावू नये. लग्नाला वढू नये, गोड खा म्हनून आग्रेव करू नये. वरीसभर त्याला रडायला सवड द्यावी. ती सवड हाय रं, शिक्षा नव्हं. तू सवड काढून घितली, अन् शिक्षा तेवढी तिच्या पायात घातली."

"माझाबी दुखवटा हाय," बायडाबाई म्हणाली. "भावाचा हाय. मी बीपीची गोळी सोडली का? काठी टाकून दिली का? मग हिची काठी कुनी काढून घितली? ते गानं म्हंजे हिची काठीच हाय!"

वत्सलाबाईंचा बारीक आवाज आला. सगळ्यांना पुढे वाकून ऐकावा लागला.

"आक्का, त्याला बोलू नका. मीच नाही म्हणाले वर्गाला."

"तुला जायचं नव्हतं, आई?" शेखरनं विचारलं.

"मला काय रे. तू इतक्या लोकांत बोललास. तुझा शब्द खाली पडायला नको, म्हणून मी..."

"माझा शब्द?" शेखर आईपुढे खाली बसला. "अगं, मला वाटलं, तुला बरं वाटेल म्हणून मी तो दिला!"

पाहा, वाचकहो! मुलगा आईसाठी गप्प, आई मुलासाठी गप्प, आणि दोघं मिळून आत्याच्या धाकानं गप्प. आणि आत्याला वाटतंय टीव्ही बंद आहे! आपल्या घरांतल्या किती रूढी अशा एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालत असतील! मधल्या मध्ये एक जिवंत बाई रोज थोडी थोडी थिजत होती, आणि ती झीज काही पुढच्या श्रावणाची वाट बघत थांबणार नव्हती.

"आणि खरं सांगू का?" वत्सलाबाई पुढे म्हणाल्या. "जायची भीतीही वाटते. तिथं ते समोर उभे राहायचे. ती जागा मोकळी दिसेल."

बायडाबाईंनी भावजयीचा थरथरता हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. शेखर म्हणाला, "मोकळी नाही दिसणार."

गुरुवार उजाडला. योगिनीनं कपाटावरची लेझीम खाली काढली, लुगड्याचा तुकडा सोडला, चकत्यांवरची धूळ पुसली. शेखरनं मालेगावची फेरी दुसऱ्या दिवशीवर ढकलली. बायडाबाई नऊवारी सारखी करून सगळ्यांच्या आधी जिन्याशी जाऊन उभी राहिली. दारात छायावहिनी भेटल्याच.

"कुठं निघाली मंडळी?"

"लेझीम खेळाया," बायडाबाई म्हणाली. "येती का?"

छायावहिनींची नजर वत्सलाबाईंकडे गेली. उंबऱ्याशी त्यांचे पाय पुन्हा थिजले होते. शेखरचा हात सवयीनं पुढे झाला, आणि थांबला. त्यानं दाराच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरला. पहिल्यांदा चुकला, पुन्हा धरला.

"उंबरा म्हणतो थांब गं बाई..."

पुढची ओळ त्याला म्हणता येईना. एक तर आईचं नाव घ्यायचं कसं, आणि दुसरं, ती ओळ ज्यांची होती त्यांचा आवाज कानात दाटून आला. तो नुसता ठेका देत राहिला. वत्सलाबाईंनी लेकाकडे बघितलं. मग स्वतःच म्हणाल्या,

"वत्सला म्हणते वेळच नाही!"

आणि पाय उंबऱ्यापलीकडे पडला.

छायावहिनी बाजूला झाल्या. मागून म्हणाल्या, "सावकाश न्या हं त्यांना. जिन्यात लाइट लावते मी."

गाडी सुरू करताच स्पीकर पुन्हा जागा झाला. शेखर दचकून बटण शोधू लागला. "राहू दे रे," मागून वत्सलाबाई म्हणाल्या. "जरा कमी कर, पण राहू दे. तुझ्या आबांना असलंच आवडायचं."

हॉलमध्ये हेडमास्तरांनी त्यांना दारातच पाहिलं. "या, वत्सलाबाई, या! आमच्या लेझमी कधीच्या वाजतायत, कुणी थांबवेना!" मोहिनी धावत आली. तिनं काही विचारलं नाही, नुसते वत्सलाबाईंचे दोन्ही हात धरले. मग शेखरच्या हातात एक लेझीम दिली आणि त्याला समोर उभं केलं, झुंबरराव उभे राहायचे त्याच फरशीवर.

शेखर शाळेनंतर कधी लेझीम खेळला नव्हता. ढोलकीचा ठेका सुरू झाला, सगळ्यांनी आकडे मोठ्यानं म्हणायचे होते. याचा पाय उजवीकडे तेव्हा रांग डावीकडे, रांग वाकली तेव्हा हा उभा. भिंतीशी बसलेली बायडाबाई म्हणाली, "आरं, नळ्या मोज, नळ्या! तेवढं तरी जमंल!" तो आणखी गोंधळला. आणि तेवढ्यात वत्सलाबाईंचा आवाज आला.

"डावा! शेखर, डावा पाय!"

ढोलकीच्याही वरचढ आला. सगळ्या हॉलभर ऐकू गेला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत न पोचणारा तोच आवाज! शेखरनं पाय बदलला. समोर आई घामानं डवरलेली, डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

एका गुरुवारानं काही झालं नाही; तसं कधीच होत नसतं. गेलेल्या महिन्यांतलं थोडं चालणं परत आलं, थोडं आलं नाही. पण वत्सलाबाई पुन्हा पडल्या नाहीत, आणि घरात पेल्यावर चमचा पुन्हा वाजू लागला.

श्रावणात झुंबररावांचं प्रथम पुण्यस्मरण गावी झालं. तीच नदी, तीच भावकी, तोच माइक. कीर्तन संपल्यावर शेखर स्वतःहून उठला.

"गेल्या वर्षी मी इथं एक शब्द दिला होता. वर्षभर आमच्या घरात वाद्य वाजणार नाही म्हणून. तो शब्द मी मोडला. संक्रांतीपासून आमच्या घरात रोज ठेका वाजतो, कारण माझ्या आईला पार्किन्सन्स आहे आणि ती त्या ठेक्यावर चालते. दर गुरुवारी ती लेझीम खेळते. समोर मी असतो." गर्दीत कुजबुज झाली. तो थांबला नाही. "तिचा हात थरथरतो हे आम्ही लपवायचो. आता लपवणार नाही. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर त्याला आत बसवून ठेवू नका. त्याला गाणं द्या, समोर उभे राहा. गेलेल्या माणसाची आठवण म्हणजे मागे राहिलेल्याला थांबवून ठेवणं नव्हे. त्यानं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते माणूस चालतं ठेवणं, हाच त्याचा दुखवटा. मी शब्द मोडलाय. ज्यांना नावं ठेवायची त्यांनी मला ठेवावीत."

कुणी टाळी वाजवावी की नाही, ते कुणाला कळेना. मग बायकांच्या बाजूनं, पुढच्या रांगेतून, बायडाबाईंच्या शेजारून वत्सलाबाईंचा आवाज आला. माइक नव्हता, पण पार मागे चपलांपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला.

"मीच मोडायला लावला!"